चेऊलचे रेशीम आणि मावळची वाट

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरल्यावर बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे आतल्या काळोखाला सरावेपर्यंत थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे लागते. मग हळूहळू स्तंभांच्या दोन रांगा, त्यांच्या माथ्यावर हत्तींच्या पाठीवर बसलेली स्त्रीपुरुषांची युगुले, वरच्या कमानीला दोन हजार वर्षे चिकटून राहिलेल्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरचे लाकडी छत्र अशी एकेक वस्तू अंधारातून पुढे येते, आणि अगदी शेवटी, जेव्हा माणूस एखाद्या स्तंभाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो तेव्हा, त्याच्या अठपैलू अंगावर कोरलेली ब्राह्मी अक्षरे दिसू लागतात. एकेका स्तंभाचे दान कोणी दिले ते त्या अक्षरांत सांगितले आहे. दाते एका जातीचे किंवा एका धंद्याचे नाहीत, आणि त्यांतील कित्येकांनी आपल्या नावामागे 'यवन', म्हणजे ग्रीक, हा शब्द मुद्दाम लावला आहे. सिंहध्वज, धर्मध्वज, यशोवर्धन अशी त्यांची नावे प्राकृताच्या वळणाने खोदलेली आहेत. गाव बहुतेकांनी धेनुकाकट असे सांगितले आहे. हे धेनुकाकट नेमके कोठे होते याविषयी पंडितांत पुष्कळ चर्चा झाली असून, पुण्यात राहून या डोंगरांतून पायी हिंडणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी त्याचा माग कार्ल्याच्या परिसरातच काढला होता.

या यवनांनी मावळात येऊन काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. परंतु एक गोष्ट त्या दगडावरून निःसंशय सिद्ध होते, ती ही की परक्या मुलखात स्थिरावलेल्या या माणसांनी आपले नाव मागे ठेवताना ते स्वतःच्या लिपीत ठेवले नाही. ग्रीक अक्षर तेथे एकही नाही. यजमानाच्या भाषेत, यजमानाच्या लिपीत आणि यजमानाच्या धर्मकार्यात त्यांनी आपली ओळख सांगितली, आणि तरीही 'यवन' हा शब्द पुसून टाकला नाही. परदेशी जाऊन ज्याला काही करून दाखवायचे असते त्याला या दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात, असे मला कार्ल्याच्या प्रत्येक फेरीत वाटत आले आहे.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, जपानात जाऊन वेषभूषेच्या क्षेत्रात नाव कमावणाऱ्या परदेशी व्यक्तींविषयी अलीकडे पुष्कळ ऐकू येते. कोणी तेथील वस्त्रांची निवड करून देण्याचा व्यवसाय करतो, कोणी तेथील पेहरावावर लिहितो, कोणी छायाचित्रांतून आपली जुळवणी जगापुढे मांडतो; आणि अशा उद्योगाला आपण मराठीत सहज 'कारकीर्द' म्हणतो. हा शब्दही फारसीतून आपल्याकडे आलेला. राजाच्या किंवा सुभेदाराच्या अंमलाला लावला जाणारा हा दरबारी शब्द पुढे कोणाही कर्त्या माणसाच्या कामाला लागू झाला, आणि आज तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वस्त्रांच्या बाबतीत तर आपल्या भाषेने उघड्या हाताने स्वीकार केलेला आहे: पायजमा, सदरा, पैरण, इजार, किनखाप, मखमल, अस्तर हे सारे शब्द बाहेरून आले आणि शिंप्याच्या दुकानात बसून मराठी झाले. मावळ्याच्या अंगावरचा गुडघ्यापर्यंतचा चोळणा, कमरेचा शेला आणि खांद्यावरची घोंगडी एवढीच काय ती या डोंगरातली मिरास. बाकीचे बरेचसे घाट चढून किंवा उतरून आलेले आहे.

कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर जी दंपतिशिल्पे आहेत ती वेषभूषेच्या इतिहासाच्या दृष्टीने फारच मोलाची आहेत, आणि शेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाच्या गडबडीत लोक त्यांच्याकडे पाठ करून जातात याचे मला वाईट वाटते. पुरुषांच्या मस्तकावर भरघोस पागोटे असून त्याचा पीळ पुढे किंवा बाजूला गाठीसारखा उचललेला आहे. कमरेच्या अंतरीयावर कायबंध बांधलेला असून त्याची टोके मांडीवरून खाली सोडलेली आहेत. स्त्रियांच्या कानांत जड कुंडले, पायांत घोट्यापासून वर चढलेले वाळे, आणि कटीवर अनेक पदरी रुंद मेखला. तिच्याकडे जवळून पाहिले तर मण्यांच्या ओळी वेगवेगळ्या मोजता येतात. दगड कोरणाऱ्याने अंगाच्या गोलाईला जितके कष्ट घेतले तितकेच या मेखलेला घेतले आहेत, यावरून त्या काळच्या लोकांना नटण्याचे किती अगत्य होते ते कळते. भाज्याच्या लेण्यातील कोरीव आकृती याहून जुन्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या. त्यांच्या डोक्यावरची पागोटी याहूनही अवजड आहेत. म्हणजे भाज्यापासून कार्ल्यापर्यंत दोन-अडीच कोसांचे अंतर चालताना दोनशे वर्षांतील आवडीनिवडीचा पालट डोळ्यांनी पाहता येतो.

आता याच काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी दिलेली आहे. इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच यांच्या जोडीला तीत साधी व मिश्र प्रतीची वस्त्रे आणि हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राजासाठी म्हणून तलम व महाग वस्त्रे आणि उंची उटणी वेगळी आणीत. कल्याणच्या बंदराविषयी तो लिहितो की, पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले, परंतु आता तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या वैराचा हा परिणाम होता, आणि त्या वैराची साक्ष कार्ल्याच्या भिंतीवरही आहे: क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंना गाव दिल्याचा लेख आणि सातवाहनांनी दिलेल्या दानाचे लेख एकाच लेण्यात आहेत. राज्ये बदलली, परंतु घाटाच्या माथ्यावरील या विश्रामस्थानाची सनद दोघांनीही चालू ठेवली. कार्ल्याच्या स्त्रियांच्या कमरेची मेखला अलेक्झांड्रियाहून आली असा दावा मला करावयाचा नाही. ती येथल्याच सोनाराची आणि मणेरांची असेल. परंतु परक्या देशातील विणकर हिंदुस्थानी कमरेसाठी हातभर रुंदीचे पट्टे विणीत होता, एवढे तर खरे आहे. गिऱ्हाइकाची आवड दुरून ओळखून त्याप्रमाणे माल घडविणे हे त्या काळीही कसबाचे काम होते. कार्ल्याच्या दात्यांत सिंहदत्त नावाचा धेनुकाकटचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, आणि दाराचे काम त्याच्या दानातून झाले आहे. नटण्याच्या वस्तू विकून मिळालेल्या द्रव्यातून उभे राहिलेले ते दार आजही उघडे आहे.

यानंतरची दीड हजार वर्षे मी चटकन ओलांडतो, कारण घाट तेच राहिले आणि बैलही तेच. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज माणसाने चेऊल या कोकणातील बंदराच्या बाजाराचे जे वर्णन केले आहे ते वाचताना लोणावळ्याच्या माथ्यावर उभे राहून खाली पाहिल्यासारखे वाटते. देशावरून येणारे व्यापारी शिकवलेल्या बैलांच्या झुंडी घेऊन येतात, बैलांच्या पाठीवर खोगिरे आणि त्यावर आडव्या टाकलेल्या लांब गोण्या असतात, आणि वीस-तीस बैलांमागे एकच हाकणारा चालतो, असे तो सांगतो. या तांड्यांना सह्याद्रीची भिंत कोठे ना कोठे ओलांडावीच लागे, आणि चेऊल, नागोठणे, पेण या बाजूला उतरणाऱ्यांना बोरघाट, कुरवंडे आणि त्यांच्या आसपासच्या वाटा सोयीच्या पडत. कुरवंड्याची वाट आज नागफणीच्या कड्याजवळून उतरते. याच वाटेने १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज खाली उतरली आणि उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांनी तिला असे कोंडले की, रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्याने खानाला सारे सामानसुमान टाकून शरण यावे लागले. ज्या वाटेने कापडाच्या गोण्या जात, त्याच वाटेवर राज्यांचे निकाल लागत. म्हणून तर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची या साऱ्या गडांचे तोंड या वाटांकडे आहे. घाटावर ज्याचा अंमल, त्याच्याकडे जकात. आणि जकात ज्याच्याकडे, त्याच्याकडे शिबंदीचा पगार. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या दऱ्यांतील भातखाचरांच्या तुटपुंज्या वसुलावर एवढे गड कोणालाही पोसता आले नसते.

चेऊल म्हणजे आजचे चौल-रेवदंडा. १५२१ पासून पोर्तुगीजांनी तेथे कोट बांधण्यास आरंभ केला, आणि १७४० मध्ये तो मुलूख मराठ्यांच्या हाती येईपर्यंत त्यांचा अंमल तेथे टिकला. या दोन शतकांत चेऊलचे रेशमी कापड फार नावाजलेले होते. कच्चे रेशीम बाहेरून, विशेषतः चीनकडून येई. विणकाम चेऊलच्या मागांवर होई. म्हणजे सूत परके, हात येथले, आणि विकणारा तिसऱ्याच देशाचा. पोर्तुगीजांची जहाजे हे कापड गोव्याकडून मलाक्का आणि मकावच्या मार्गाने पूर्वेला नेत, आणि १५७१ पासून नागासाकी हे बंदर त्यांच्या व्यापाराला मोकळे झाल्यावर ते जपानात उतरू लागले.

येथून पुढची हकिगत मला सर्वांत हृद्य वाटते. जपानी भाषेत एका रेशमी कापडाला 'चाऊ-जिमा' म्हणतात. कापड पातळ, पट्ट्यापट्ट्यांचे, अंगाला हलके; सामुराई आणि प्रतिष्ठित लोक नेसत त्या 'हाकामा' नावाच्या चुण्यांच्या अधोवस्त्रासाठी ते विशेष पसंत केले जाई. 'जिमा' म्हणजे पट्टा. आणि त्यातील 'चाऊ' म्हणजे आपले चेऊल. पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलेले हे नाव जपान्यांनी आपल्या चित्रलिपीत बसविताना 'चहा' या अर्थाचे अक्षर त्याच्या आरंभी घातले, आणि चहाशी काही संबंध नसलेले कोकणातील एक बंदर त्या भाषेत असे कायमचे राहून गेले. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हद्दपार केले. त्यानंतर १६८१ ते १६८४ या काळात क्योतो शहरातील विणकराने हेच कापड स्वतःच्या मागावर काढले, असे जपानी कोशकार सांगतात. नाव मात्र त्याने बदलले नाही. कापड क्योतोचे झाले तरी ते 'चाऊ'चेच राहिले.

याच वर्षांत आपल्या बाजूला काय चालले होते ते पाहिले म्हणजे मन चकित होते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने त्याच चेऊलला वेढा घातला होता. किनाऱ्यावर तोफा धडधडत होत्या, सह्याद्रीच्या वाटांवर मोगलांच्या स्वाऱ्यांची धास्ती होती, आणि हजारो कोसांवर क्योतोचा एक कारागीर चेऊलच्या पट्ट्यांची लय आपल्या ताण्याबाण्यावर उतरवीत होता. तोपर्यंत इंग्रजांनी चेऊलचे विणकर मुंबईत नेऊन वसविण्याचा उद्योगही चालविला होता. विणकर हलले, बंदर गाळाने भरत गेले, सत्ता गेली, माग थंड झाले. ज्या गावाने जपानच्या सरदारांना नेसवले त्या गावात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि पडक्या तटावरून वारा वाहतो. आमच्या इतिहासग्रंथांत चेऊलच्या लढायांना पानेच्या पाने मिळाली. चेऊलच्या या रेशमावर, माझ्या मते, अन्याय झालेला आहे. जी वस्तू परदेशी जाऊन तेथल्या लोकांच्या अंगावर चढली आणि तेथल्या कोशात शब्द होऊन बसली, तिची कारकीर्द एखाद्या सरदाराच्या कारकीर्दीहून कमी मानण्याचे कारण नाही. आणि चेऊल त्यात एकटे नाही: मद्रासजवळच्या मैलापूरला पोर्तुगीज सान तोमे म्हणत, त्यावरून 'सान्तोमे' हे पट्ट्यांच्या कापडाचे नाव जपानीत रुजले, बंगालवरून 'बेंगारा' हेही नाव तसेच आले.

आता उलट बाजूने पाहू. मेजी राजवटीत, म्हणजे १८६८ नंतर, जपानच्या दरबाराने युरोपीय पोशाख स्वीकारला, आणि पुढच्या शंभर वर्षांत किमोनो हा रोजच्या वापरातून उठून विवाह, उत्सव आणि चहाचे समारंभ यांपुरता उरला. अशा काळात, १९८५ साली, शीला क्लिफ नावाची एक इंग्रज तरुणी जपानला गेली, तेथल्या जुन्या बाजारातील रेशमी वस्त्रांत गुंतली, आणि तेथेच राहिली. किमोनो नेसविण्याची कला ती रीतसर शिकली, जुमोंजी महिला विद्यापीठात तिने अध्यापन केले, आणि २०१७ मध्ये किमोनोच्या सामाजिक जीवनावर तिने ग्रंथ लिहिला. स्वतः रोज किमोनो नेसून, जुन्या वस्त्रांची नव्या वस्तूंशी निर्भयपणे जुळवणी करून, हे वस्त्र पेटाऱ्यात ठेवण्यासाठी नसून रस्त्यावर चालण्यासाठी आहे, असे तिने जपान्यांनाच पटवून दिले. परक्या स्त्रीने आमचा वेष आम्हाला शिकवावा काय, असा प्रश्न तेथे कोणाच्या मनात आला असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु तिने आधी शिष्यत्व पत्करले आणि मग मत मांडले, हा क्रम महत्त्वाचा. धेनुकाकटचे यवन आधी प्राकृत शिकले आणि मग त्यांनी स्तंभावर नाव घातले. दोन्हींत मला तत्त्वतः काही अंतर दिसत नाही.

मावळाचा जपानशी प्रत्यक्ष संबंधही आलेला आहे, आणि तो अंगावरच्या अलंकारापर्यंत येऊन पोहोचणारा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशाच्या राशीतून १९०८ मध्ये तळेगावला पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. त्याची धुरा वाहण्यासाठी ईश्वरदास वार्ष्णेय यांना पाचारण करण्यात आले. हे उत्तर हिंदुस्थानातील तरुण काचेचे काम शिकण्यासाठी प्रथम जपानला आणि नंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत जाऊन आले होते. त्या काळी आमच्या बायकांच्या हातांतील काचेच्या बांगड्या, मणी आणि घरातील कंदिलांच्या चिमण्या ऑस्ट्रियाहून येत. पहिल्या महायुद्धात ती आयात बंद पडल्यावर जपानी मालाने बाजार भरला. ज्या देशाकडून काच विकत घ्यावयाची, त्याच देशात जाऊन काच शिकावयाची आणि मावळात येऊन भट्टी पेटवावयाची, हा त्या पिढीचा खरा स्वदेशीपणा होता. तळेगावच्या भट्टीवर फुंकनळी धरण्यास शिकलेले कारागीर पुढे देशातील इतर कारखान्यांत गेले. वडगाव, कामशेतच्या बाजूच्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी 'जपानी' हा शब्द अजूनही वेगळ्याच अर्थाने येतो: १९५३ पासून सरकारने जपानी पद्धतीच्या भातलावणीचा जो प्रसार केला, तिच्यावरून दोरी धरून केलेल्या ओळीतल्या लावणीला ते 'जपानी' म्हणतात. चेऊलचा पट्टा क्योतोत 'चाऊ' राहिला, तशी ही लावणी मावळात 'जपानी' राहिली.

१८६३ च्या एप्रिलमध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि बैलांच्या तांड्यांचा मामूल संपला. गोणी उतरविण्याच्या जागा ओस पडल्या, लोणावळे आणि खंडाळे ही हवा खाण्याची ठिकाणे झाली. परंतु कोकणातून घाट चढून वर येण्याचा एक प्रघात आगगाडीने मोडला नाही, उलट वाढविला. चैत्र महिन्यात एकवीरेच्या यात्रेला रायगड, ठाणे, मुंबईकडील कोळी आणि आगरी समाज हजारोंनी कार्ल्याचा डोंगर चढतो. त्यांत कोळी स्त्रियांचे नेसणे पाहावे: लुगडे गुडघ्याच्या वर आवळून घेतलेले, कमरेला घट्ट, पदर वेगळा, अंगावर सोने, केसांत फुलांची वेणी. त्या पायऱ्या चढून येतात आणि ज्या दंपतिशिल्पांच्या समोरून देवळाकडे वळतात, त्या शिल्पांतील स्त्रियांच्या कटीवरही वस्त्र असेच घट्ट आवळलेले आणि पायांवरून आखूड आहे. समुद्राकाठी काम करणाऱ्या बाईला पाण्यात उतरता यावे म्हणून हे नेसणे असे झाले. ते कोणा दरबाराने ठरविले नाही आणि कोणा दुकानदाराने विकले नाही. चेऊलच्या परिसरातूनही ही मंडळी येतात. ज्या गावाचे नाव जपानी कोशात आहे, त्या गावची माणसे यवनांची नावे असलेल्या स्तंभांच्या दारात उभी असतात.

वाचकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या खेपेला कार्ल्याला जाल तेव्हा देवीचे दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. चैत्यगृहाचे तिकीट काढा, दर्शनी भिंतीवरील मेखलांचे पदर मोजा, मग आत जाऊन डोळे सरावेपर्यंत थांबा आणि स्तंभांवरील अक्षरे शोधा. हात मात्र लावू नका. दोन हजार वर्षे टिकलेली ती अक्षरे आता झिजू लागली आहेत.